रंग नंतर, आधी पागोळ्या

गणपती अजून लांब आहेत, पण घराबद्दल विचारणाऱ्या तुमच्या पत्रांमध्ये रंगकाम सुरू झालंय. कुठला रंग टिकेल, कुठली कंपनी चांगली, आकाशी बरा की पिस्ता. बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढली, नंतरची दहा लोकांच्या छपरांवर चढण्यात गेली, तरी आकाशी की पिस्ता यावर माझं मत अजून बनलेलं नाही. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, यावर मात्र रात्रभर बोलेन. तेव्हा या वेळची पत्रं निवडताना थोडा पक्षपात झालाय, सांभाळून घ्या.

पहिलं पत्र: मालवण तालुक्यात आमचं वडिलोपार्जित चिरेबंदी घर आहे. आम्ही डोंबिवलीला असतो. दर गणपतीआधी रंग देतो आणि शिमग्यापर्यंत खालचा अडीच-तीन फुटांचा पट्टा पोपडे धरून सुटतो. यंदा दुकानदार म्हणतो, आतून कमरेपर्यंत टाइल्स लावून टाका. लावू का? सोबत फोटो जोडला आहे.

नका लावू. टाइल्सनी ओल दिसायची थांबेल, यायची नाही. कोंडलेलं पाणी वर सरकेल आणि दोनेक वर्षांत टाइल्सच्या वरच्या कडेला, छातीच्या उंचीवर, तोच पट्टा दिसेल. मग दुकानदार म्हणेल, आढ्यापर्यंत लावा.

तुमच्या फोटोत भिंतीपेक्षा मला पायऱ्या जास्त बोलक्या वाटल्या. सगळ्यात खालची पायरी अर्धी जमिनीत गेलीय. खळ्यात (अंगणात) पेव्हर ब्लॉक घालताना खाली भराव टाकला असणार, त्यानं जमीन सात-आठ इंच वर आली. जुन्या गवंड्यानं जोतं दीड-दोन फूट उचललं होतं ते हौसेनं नव्हे. कौलांवरून पडणारी पागोळी जमिनीवर आपटून फूट-दीड फूट उडते. तो शिंतोडा जोत्यावर अडावा, भिंतीला लागू नये, असा त्याचा हिशेब होता. सारवलेल्या खळ्याच्या कडेला पागोळ्यांनी आपोआप एक चर पडायचा, पाणी त्यातून निघून जायचं. आता पागोळी सिमेंटच्या ठोकळ्यावर आपटते ती थेट भिंतीवर. चार महिने, रात्रंदिवस. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात उरकतो.

दुसरी गोष्ट चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पण अंगावरची भोकं तशीच राहतात. तो पाणी पितो आणि ऊन-वाऱ्यात सोडून देतो. तुमच्या पणजोबांपासून ती भिंत पावसात ओली आणि उन्हाळ्यात कोरडी होत आली आहे. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग चढला की पिणं चालू राहतं, सोडणं बंद होतं. पाणी तरीही वाट काढतं, येताना क्षार आणतं, लोणा धरतो, रंगाला फोड येतात.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. १९९८ साली कुडाळजवळच्या आमच्या घराचा चुन्याचा गिलावा मी स्वतः उभं राहून फोडून घेतला आणि सिमेंटचा केला. वडील ओटीवर बसून बघत होते, काही बोलले नाहीत. आमचा म्हातारा गवंडी तेवढं म्हणाला, "साहेबांनू, आता भिंतीन श्वास घेवचो कसो?" मी हसलो. तिसऱ्या पावसात, रात्री दोनच्या सुमारास, माजघरातला परातीएवढा गिलावा एकदम खाली आला. आम्हाला वाटलं, कौलं फोडून माकड पडलं.

तुमच्या भिंतीची खात्री करून घ्यायची तर एक फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद घ्या आणि चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. दोन दिवसांनी बघा. थेंब कागदाच्या भिंतीकडच्या अंगाला धरले असतील तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या अंगाला असतील तर ती दमट हवा आहे, खिडक्या उघडा.

भिंतीतून येत असली तर घराभोवतीचे, भिंतीलगतचे दोन फूट रुंदीचे ब्लॉक उखडा. तिथे फूटभर खोल चर काढा, तळाला बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि खडी भरा. खडीवर पडलेली पागोळी उडत नाही. हे काम आत्ता भर पावसात करा, कारण पाणी कुठे तुंबतं ते आत्ताच दिसतं. दसरा झाला की आतून-बाहेरून खालचा साडेतीन फूट सिमेंटचा गिलावा काढा आणि मे महिन्यापर्यंत चिरा उघडा ठेवा. दिवाळीत आणि शिमग्याला घर उघडंनागडं दिसेल, भावकी विचारील, तेवढं सोसा. मग एकास तीन चुना-वाळूचा गिलावा आणि वर सफेदी.

आणि यंदाच्या गणपतीचं? श्रावणात रंग द्यायचा ही आपली सगळ्यांचीच खोड. भिंत पाण्यानं गच्च असते नेमकी तेव्हा आपण तिला प्लॅस्टिक गुंडाळतो. यंदा पोपडे खरवडा आणि चुना लावा. कळीचा चुना आठवडाभर पाण्यात विरवायचा, फडक्यातून गाळायचा, थोडा डिंक घालायचा आणि पातळ तीन हात द्यायचे. दमट भिंतीवरही तो धरतो. विरवताना तो खदखदतो, नातवंडांना लांब ठेवा, डोळ्यात उडाला तर फार वाईट. समुद्राकडच्या, पश्चिमेच्या भिंतीला आई-आजी मे महिन्यात माडाची झापं बांधायच्या ना? ती परत बांधली तर मला आनंद होईल.

दुसरं पत्र: गुहागर तालुक्यात समुद्रापासून चारशे पावलांवर अकरा गुंठ्यांची वाडी आणि जुनं कौलारू घर मे महिन्यात पाहिलं. आम्ही नवरा-बायको ठाण्याचे, निवृत्तीनंतर राहायचा विचार आहे. एजंट म्हणतो सातबारा क्लिअर आहे, घरपट्टीही मालकाच्याच नावावर आहे. इसार द्यावा का? सातबाऱ्यावर तीन भावांची नावं आहेत, दोघं तयार आहेत, तिसरा सुरतेला असतो, "त्याची सही नंतर आणू" म्हणतात.

इसार देऊ नका. तिसऱ्या भावाची सही नंतर येत नसते. आली तरी वाढीव भावानं येते.

घरपट्टी नावावर असणं म्हणजे मालकी नव्हे. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा कर कुणाकडून घ्यायचा एवढंच सांगतो. आणि एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला एखाद्याचा हिस्सा बाहेरच्या माणसानं घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला त्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. म्हणजे पैसे देऊन तुम्ही कुंपणाच्या गडग्याबाहेर आणि दिवाणी कोर्टात. आधी रीतसर वाटणी तरी होऊ दे किंवा तिघांनी एकाच दिवशी दुय्यम निबंधकांसमोर बसू दे.

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत स्वतः काढा, एजंटच्या मोबाइलमधला नको. नावांपेक्षा 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाचा. कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, कुळकायदा कलम ४३ ची, म्हणजे विक्रीवरच्या बंधनाची नोंद, सगळं तिथे दडलेलं असतं. शिवाय जमीन शेतीची असेल तर तुम्ही शेतकरी आहात का? त्याच कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सासऱ्यांच्या सातबाऱ्यावर मिसेसचं नाव वारसानं लागलं असलं तर मार्ग निघू शकतो, वकिलाला दाखवा. त्याच वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध घ्या आणि फी द्यायला कुरकुरू नका.

चारशे पावलं म्हणजे किती मीटर? तुमची पावलं मला माहीत नाहीत, पण तीनशेच्या आत असणार. समुद्रकिनाऱ्यालगतच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेनं दाट वस्तीच्या गावांपुरती ती ५० मीटरवर आणली, बाकीच्यांना २०० कायम आहे. हे अंतर पाण्याच्या कडेपासून मोजत नाहीत, मंजूर नकाशावरच्या भरतीरेषेपासून मोजतात आणि ती रेषा पुष्कळदा सुरूच्या बनाच्याही आत असते. "मागे दोन खोल्या काढून होमस्टे करू" असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय. त्या दोन खोल्या रेषेच्या कुठल्या बाजूला येतात ते आधी नकाशावर बघा. रस्त्याचंही तसंच. गाडी आज शेजाऱ्याच्या वाडीतून जाते, ती त्याच्या मेहेरबानीवर की गटाच्या नकाशावरच्या वाटेनं? मोजणी मागवा.

कागद झाले, आता घर. मे महिन्यात पाहिलंत ते एका परीनं बरं झालं, कारण विहीर मे अखेरीलाच खरं बोलते. पाणी चाखलंत का? किनाऱ्याजवळच्या विहिरी डिसेंबरात गोड असतात आणि उन्हाळ्यात मचूळ होतात. चाखलं नसलं तर शेजारणीला विचारा, डाळ शिजते का म्हणून. घर मात्र जुलैत बघायचं. एजंटला न सांगता, सलग दोन-तीन दिवस झड लागलेली असताना जा. माळ्यावर चढा, विजेरी घेऊन वासे आणि भिंत जिथे भेटतात तिथे बघा. वाशाचं टोक चाकूनं टोचा. चाकू लोण्यात गेल्यासारखा गेला तर सगळं छप्पर हिशेबात धरा. खांबाच्या पायाशी मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी आत आहे. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटरपेक्षा जवळ असेल तर तो हलवायचा खर्चही धरा. जांभ्यातून पाणी भराभर पाझरतं, मी तर त्याहून लांबच सांगतो.

मग आवडलं तर घ्या. गुहागर छान आहे.

माकडं कौलं राहू देत नाहीत. दर वर्षी शाकारणीला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही. सरळ पत्रे घालावे का? (देवगड)

माकडांपुढे कुणाचं काही चालत नाही, त्यामुळे पत्र्याला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. मुंबईहून येऊन "कौलं काढलीत, हाय हाय" म्हणणाऱ्यांनी आधी एकदा मे महिन्यात वर चढून कौलं परतून दाखवावीत. पण नुसता पत्रा घातलात तर दुपारी घरात बसवणार नाही आणि पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येणार नाही. परवडत असेल तर पत्रा खाली आणि तीच मंगलोरी कौलं वर. माकडानं कौल फोडलं तरी पाणी आत येत नाही आणि कौलामुळे पत्रा तापत नाही. वजन दोन्हींचं पडणार, तेव्हा वासे-आढं जाणत्याला दाखवून घ्या.

लोखंडी पाइपची कैची, म्हणजे छपराचा सांगाडा, करणार असाल तर दोन गोष्टी फॅब्रिकेटरच्या डोक्यावर उभं राहून करून घ्या. पाइपची उघडी तोंडं वेल्डिंगनं बंद करायची, नाहीतर खारी हवा आत शिरून तो आतून कुजतो आणि बाहेरचा रंग शाबूत असताना एक दिवस वाकतो. दुसरी बांधणी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळात आपल्याकडे पत्रे उडाले, ते बहुतेक कडेचे आणि आढ्याजवळचे. वारा छपराला दाबतो त्यापेक्षा जास्त वर ओढतो, आणि ही ओढ कडांना सगळ्यात जास्त असते. कडेच्या ओळींना स्क्रू दुप्पट घाला, रबरी वॉशर लावूनच. कैची भिंतीवर नुसती टेकवलेली नको, भिंतीत नांगरून बांधलेली हवी. जुने सिमेंटचे पत्रे काढणार असाल तर फोडू-कापू नका. ओले करून अख्खे उतरवा, त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे.

पडवीत गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स घालू की कोबा? (राजापूर)

सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत असं तुम्हीच लिहिलंय. कोबा.

वेंगुर्ल्याजवळ १९९२ चं स्लॅबचं घर. हॉलच्या छताचे दोन ठिकाणी पापुद्रे पडले, सळ्या दिसतात. मुलाच्या लग्नाआधी पीओपीचं फॉल्स सीलिंग करून घ्यावं असं मिस्त्री म्हणतो.

मिस्त्री बदला. दिसणारी सळी झाकणं म्हणजे पिकलेल्या फोडावर मेंदी काढणं.

त्या काळात आपल्याकडे खाडीची वाळू सर्रास, न धुता वापरली जायची. त्यातलं मीठ काँक्रीटमध्ये राहिलं, त्यात बाहेरून खारी हवा. सळी गंजली की फुगते, गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते आणि तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. शिवाय सळीखालचं कव्हर, म्हणजे सळीला झाकणारा काँक्रीटचा थर बघा, तुमच्या फोटोत ते जेमतेम अर्धा इंच दिसतंय. समुद्रकिनाऱ्यावरच्या कामाला आज ४५ मिमी धरतात.

हलक्या हातोडीनं सगळा स्लॅब ठोकून बघा. टणटण वाजला तर धड आहे. मडक्यासारखा भद्द वाजला तर तिथे आतून सुटलाय, भले रंगाला चरा नसेल. भद्द वाजणाऱ्या जागांना खडूनं गोल करा. गोल दोन-चारच निघाले तर दुरुस्ती होते: खालून टेकू द्यायचे, सुटलेलं काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत काढायचं, तारेच्या ब्रशनं सळी चकचकीत होईपर्यंत घासायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मॉर्टरनं भरायचं. सळी चतुर्थांशाहून जास्त झिजली असेल तर जोडसळी बांधायची. अर्धं छत गोलांनी भरलं तर स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा आणि तोपर्यंत त्या खोलीत कुणाला झोपवू नका. गच्चीवर पाणी साचतं का, हेही याच आठवड्यात बघा. मांडव खळ्यात घाला, लग्न तसंही खळ्यातच शोभतं.

रत्नागिरीत तीन वर्षांपूर्वी नवा फ्लॅट घेतला. समुद्राकडच्या बेडरूमची भिंत पावसात झिरपते. बिल्डर म्हणतो, ताबा दिल्यावर आमची जबाबदारी संपली.

संपलेली नाही. स्थावर संपदा (रेरा) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला तर बिल्डरनं ३० दिवसांच्या आत, एकही पैसा न घेता तो दुरुस्त करायचा आहे. तोंडी भांडू नका. फोटो तारखेसह काढा, पत्र स्पीड पोस्टनं पाठवा, पोच जपा. ऐकलं नाही तर महारेराकडे तक्रार करा. आणि तोवर आतून वॉटरप्रूफ रंग मारू नका. झिरपतं ते बाहेरून, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटीतून किंवा गिलाव्याच्या चिरेतून. आतून लेप दिलात तर पुरावाही झाकाल आणि पाणीही कोंडाल.

मी निवृत्त शिक्षिका, एकटी, पुण्याला मुलीकडे असते. सावंतवाडीजवळचं माहेरचं घर माझ्याकडे आलंय. जून ते ऑगस्ट ते बंद असतं. उघडलं की बुरशीचा वास, कपाटातल्या साड्यांना डाग, आणि आता वाशांखाली पिवळी भुकटी पडायला लागलीय. काय करू?

बाई, आधी त्या भुकटीचं बोलू. तो भुंगा आहे, लाकूड आतून पोखरतोय. तुमच्या आईच्या काळी तो का नव्हता? चुलीचा धूर रोज माळ्यावर चढायचा, वासे काळे कुळकुळीत व्हायचे आणि त्या काजळीत भुंगा फिरकायचा नाही. गॅस आला, घर स्वच्छ झालं आणि वासे उघडे पडले. चूल परत पेटवा असं मी म्हणणार नाही. डिसेंबरात, लाकूड कोरडं असताना, वासे घासून काजूच्या टरफलांच्या तेलाचे दोन हात द्या. ते कातडीवर उतलं तर फोड येतात, म्हणून हातमोजे घातलेल्या, सवयीच्या माणसाकडूनच.

बुरशी कुलपामुळे येते. खिडक्या घट्ट लावल्या की आतली दमट हवा तीन महिने तिथेच फिरते. खिडक्यांवरचे झरोके बुजवले असतील तर मोकळे करा, बारीक जाळी बसवा. छपरात दोन-तीन काचेची कौलं घाला, उजेड आला की बुरशी मागे हटते. कपाटांची दारं उघडी ठेवून जा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. गाद्या गुंडाळू नका, खाटेवर उभ्या टेकवा. फ्रिज रिकामा, दार उघडं. मेन स्विच बंद करून जा, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर वायरमनकडून आधी तो बसवून घ्या. ओल्या घरात परतल्यावर पहिला हात बटणालाच जातो. साड्या पुण्याला न्या.

आणि आठवड्यातून एकदा, ऊन पडलं की, कुणीतरी दारं-खिडक्या दोन तास उघडायला हवीत. शेजारच्या वहिनींना पैसे देऊ केलेत तर त्या रागावतील. किल्ली द्या, नारळ-सुपारी त्यांनीच उतरवून घ्यावी म्हणून सांगा, आणि गणपतीला येताना त्यांना पुण्याहून काय हवं ते आधी फोन करून विचारा.